मार्जरीला दिलेल्या तीन कॅप्सूल

बार्न्सलीतलं आमचं औषधांचं दुकान. नोव्हेंबर.
चार वाजताच दिवे लावलेले.
मिस्टर ओल्डरॉइड खोकत येतात,
कोटाच्या बाहीला एक करडं पीस.

नाव, पत्ता, जन्मतारीख.
विचारावं लागतंच, वीस वर्षं ओळखत असले तरी.
पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी अंगभर गांध्या उठल्या होत्या,
आई पायातल्या सपातांनिशी बसमागे धावली होती –
हे ते दर वेळी नव्याने सांगतात,
आणि पडद्यावरची लाल ओळ वाचता वाचता
मी दर वेळी नव्याने ऐकते.

आठ कॅप्सूल. आज दोन, मग रोज एक.
बसून घ्या, पेलाभर पाण्याशी, लगेच आडवं व्हायचं नाही.
दुधापासून दोन तास लांब.
"चहातल्यासुद्धा?" इथे मात्र ते खरोखर हादरतात.
उन्हापासून जपा, मी म्हणते,
आणि आम्ही दोघंही दाराबाहेर बघतो,
त्या ओल्या राखेसारख्या आभाळाकडे.
ते हसतात. हसता हसता खोकतात.

चौथ्या दिवशी बरं वाटेल, तेव्हा थांबू नका.
डॉक्टर थांबा म्हणाले तर गोष्ट वेगळी.
हो, हो, म्हणत
पांढरी पिशवी खिशात कोंबून ते गेले.

बारा दिवसांनी परत. डोळे खोल गेलेले.
"तीन उरल्या होत्या. मार्जरीला दिल्या."
मार्जरी म्हणजे बायको नव्हे.
मार्जरी म्हणजे निळ्या मानेची मादी,
फ्रान्समध्ये सोडली तरी संध्याकाळच्या आत
यांच्या परसातल्या फळीवर उतरणारी.
"तिचं नाक वाहत होतं. मला तर बरं वाटत होतं."
मग जरा थांबून, तक्रार करावी तसं,
"ती झाली बरी."

मी रागावले नाही. एवढंच विचारलं,
अर्ध्या वाटेवर सोडलेलं पाखरू काय करतं?
"घरी येतं."
आणि पुढच्या वेळी?
"लवकर येतं. वाट शिकलेलं..."
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
छातीवर हात ठेवून ते उभे राहिले,
आत कोणी उतरल्याचा आवाज ऐकावा तसे.

मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार.
मिरजेला काकांच्या मेडिकलमध्ये मी सुटीत बसायचे,
कात्री माझ्याकडे असायची.
"दोनच दे गं पोरी, ताप उतरेल तेवढ्यात."
कर्र. दोन गोळ्या.
मुदतीची तारीख दुसऱ्याच कुणाच्या तुकड्यावर जायची.
त्या बाईच्या मुठीत पैसे दोनांचेच होते,
हेही मला दिसत होतं,
आणि कात्री चालवायला मला फार आवडायचं.

त्या रात्री घरी मसाल्याच्या डब्यामागे हात घातला.
भावाने गेल्या वर्षी दिलेली अर्धी स्ट्रिप,
"असू दे, तुमच्याकडे डॉक्टर लवकर भेटत नाहीत."
पाच गोळ्या. कशावरच्या, कोणाच्या, कधीच्या?
सकाळी दुकानात नेऊन
परत आलेल्या औषधांच्या निळ्या डब्यात टाकल्या.
झाकण जरा जोरातच आपटलं.

ओल्डरॉइडना या वेळी डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं,
छातीचा फोटो काढून.
चौदा गोळ्या, बारा-बारा तासांनी,
कोलेस्टेरॉलची गोळी तेवढे दिवस बंद.
आठव्या दिवशी ते रिकामं पाकीट दाखवायला आले,
चौदाही भोकं उजेडाकडे धरून.
खोकला अजून होता, पण वरवरचा,
पाहुणा जिना उतरताना बोलतो तसा.

आणि मार्जरी?
"पशुवैद्याकडे नेली. तिलाही तेच.
नाव, पत्ता, जन्मतारीख."
मग सांगितली का?
"सांगायची कशाला,
पायातल्या कडीवरच आहे तिच्या."