कोपऱ्यातला अंगठा

फोन म्हणतो, जागा संपली.
म्हणून भर दुपारी गच्चीच्या दाराशी बसून
वाळत घातलेल्या कुरडयांवर एक डोळा ठेवत
एकेक फोटो पुसते आहे.
आधी जातात सुप्रभातचे गुलाब,
टँकरची बिलं,
दुकानात दाखवायला काढलेला
नळाच्या झिजलेल्या वॉशरचा फोटो, तीन बाजूंनी.

मग येतो तो गुरुवार.

पुण्यात गुरुवारी वीज जाते
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
मी मात्र सव्वादहाला केक आत ठेवला
आणि दहा चाळीसला पंखा थांबला.
काचेआड अंधार. त्या अंधारात
अर्धा फुगून, पुढे काय करावं ते न कळून
थांबलेला केक.

संध्याकाळी सासरे ऐंशीचे व्हायचे होते.
भटजी नको, आहेर नको, म्हणाले होते,
केक चालेल. अंडं नसलं म्हणजे झालं.

अंडं असतं, हे त्यांना माहीत असतं.
त्यांना माहीत असतं, हे मला.
एकोणीस वर्षांत या विषयावर
आमचं एक अक्षर बोलणं झालेलं नाही.

नसीमला फोन केला.
वारज्यात लाइट आहेत, ये, ती म्हणाली,
ओव्हन तापवूनच ठेवते.

कुंदावन्सं मागे बसल्या. मांडीवर चौपदरी पंचा,
पंच्यावर कढत डबा, डब्यावर ताट.
कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला वेलदोड्याचा वास
रस्ताभर पसरला तेव्हा
शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं,
काय नेताय?
वन्सं म्हणाल्या, पेशंट.
आणि हिरवा पडेपर्यंत दोघंही गंभीर.

नसीमने मधोमध बोट टेकवून पाहिलं,
वाचेल, म्हणाली.

वाचला. पण मध्ये खचलाच.
खड्डा पडला की पुण्यात जे करतात तेच केलं,
तात्पुरता भरला:
सासवडच्या अंजिरांचा तिच्या अम्मीने केलेला मुरंबा,
पाच डाव.

संध्याकाळचे अकरा फोटो आहेत.
अकराही वन्संनी काढलेले, अकराहीत
डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा,
गुलाबी, धूसर, उगवत्या डोंगरासारखा.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं
लोकांच्या बोलण्याला बोलणं जोडणारा,
विळीने कापल्याची आडवी खूण असलेला.
त्याच्या पलीकडे आम्ही:
नसीमचा यासिर, तोंडात सुरी धरून, कोणी ओरडायच्या आत;
माझी मृण्मयी, दातांच्या तारा दिसू नयेत म्हणून
ओठ मिटून हसणारी;
गळतीची तक्रार घेऊन वर आलेले खालचे गुजर
आणि त्यांच्या हातातली बशी;
मी दोनदा, दोन्हीदा पाठमोरी.

शेवटच्यात सासरे.
मिशीला अंजिराचा रस.
फोटोत आवाज नसतो, पण मला ऐकू येतं,
पहिला घास गिळून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले होते,
अंड्याविना इतका हलका, कमाल आहे.
आणि भुवई, एकच, उजवी,
केसभर वर गेली होती.
वन्संनी नेमकी तेव्हाच कळ दाबली.
नेम धरून नव्हे. त्या गुजरांना
सरका म्हणत होत्या.

फोन हल्ली हुशार झालाय.
अंगठ्याभोवती स्वतःच एक रेघ आखतो,
विचारतो, ही नको असलेली वस्तू काढून टाकू?
मागची भिंत मी भरून देईन,
कुणाला कळणारही नाही.

भिंत कुठल्या रंगाची होती
हे याला काय ठाऊक.

नको, असं दाबलं.
मग उरलेले गुलाब पुसले, वॉशरचे दोन ठेवले होते तेही.
जागा अजून संपलेलीच आहे.
तेवढ्यात कावळा
एक कुरडई घेऊन गेला.