कारण : इतर

खराडीला, सातव्या मजल्यावर
दुपारी दीडला माझी शिफ्ट लागते,
कारण तिकडे तेव्हा कुठे सकाळ होत असते.

विलायतेतल्या अकरा विद्यापीठांची पोरं
माझ्याकडे येतात
नावाची लेबलं उसवून.
वय. लिंग. वंश. कुठल्या देशाचा.
आईबापांपैकी कुणी कॉलेज पाहिलंय का :
हो, नाही, ठाऊक नाही, सांगायचं नाही.
मी मनातल्या मनात माझं भरून टाकते. नाही.
(वडील भोसरीला प्रेसवर होते.
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
त्याला रकाना नाही.)

सहा वर्षं झाली. आता वळण ओळखू येतं.
नोकरी सांभाळून शिकणारी पोक्त माणसं
दरसाल थोडी थोडी गळतात.
ग्रिम्सबीचा एकसष्ट वर्षांचा एक होता,
भूगोल घेतलेला, अर्धवेळ,
तीन वर्षं निमूट पास होत गेला
आणि चौथ्या वर्षी यादीत नव्हता.
त्या दिवशी डबा उघडा ठेवून
मी त्याला खालपर्यंत शोधलं.
आपलं कोण तो, पण शोधलं.
बायका पुरुषांहून जास्त.
नर्सिंगला पुरुष औषधाला.
आणि 'भारत' लिहिलेला रकाना
दोन वर्षं भाकरीसारखा टम्म फुगला,
मग बायको-पोरं सोबत न्यायची नाहीत
असा तिकडे नियम निघाला
आणि वाफ गेली.
साहेब फोनवर म्हणाले, आलेख जरा नरम आहे.

मार्चमध्ये एक ओळ आली.
पिन : चार अकरा शून्य अठ्ठावीस.
जन्म : एकोणतीस फेब्रुवारी, दोन हजार.
एम.एस्सी., पुरवठा साखळी व्यवस्थापन.
सोडल्याची तारीख : नऊ जानेवारी.
कारण : इतर.

आमच्या हडपसरच्या गल्लीत
चार वर्षांतून एकदाच
खऱ्या तारखेला वाढदिवस होतो एकाचा.
घुल्यांचा हर्षल.
लहान होता तेव्हा आम्ही चिडवायचो,
तू अजून दोनच वर्षांचा रे.

गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे.
ती नसती तरी
काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

रविवारी ब्लाउजचं माप द्यायला गेले.
शैलाताईंच्या मशीनशेजारी
बर्फातला त्याचा फोटो, टाचणीनं टोचलेला.
कॉलर वर केलेली, हात खिशात.
"तू पण तिकडच्याच पोरांचं बघतेस ना गं?
म्हणजे करता काय नक्की?"
मोजतो, म्हटलं.
"मोजून काय होतं?"
टेप माझ्या पाठीवर होती.
साडेचौदा, त्या पुटपुटल्या,
वहीत लिहिलं,
आणि तोंडात टाचण्या धरून विचारलं,
"मग आमचा धरलाय का त्यात?"

एक डिसेंबरला जो पटावर असतो
तो त्या वर्षाचा धरायचा.
असा नियम आहे. छापील.
धरलाय, मी म्हटलं.

त्यांनी एकेक टाचणी तोंडातून काढली,
डबीत टाकली. सगळ्या टाकल्या.
"हे उगाच म्हणतात,
पोरगा फोनवर आखडतं बोलतो.
म्हटलं, अभ्यास असेल.
पैसे पण मागत नाही हल्ली,
उलट पाठवतो म्हणाला."
बाहेर गॅसवाल्याची घंटी वाजली,
तोवर कुणीच काही बोललं नाही.

मग कापड पसरून खडूनं रेघ मारताना म्हणाल्या,
"आत माया दोन बोटं जास्तच ठेवते हां.
कधी उसवायची वेळ आली तर."

सोमवारी ती ओळ
मी दोनदा तपासली आणि पुढं पाठवली.
चूक काही नव्हती तिच्यात.