शिवणीत गेलेलं अक्षर

एकतीस वर्षं मी लिंत्सच्या टपाल कचेरीत पत्रं निवडली.
डॉक्टरांची अक्षरं, दारुड्यांची, पावसात विरघळलेली,
एकदा नुसतंच ‘चर्चसमोरच्या मावशीस’,
तेही पोचवलं.
त्यामुळे ओबरश्वांडच्या जन्ममृत्यूच्या वह्यांना
मी भ्याले नव्हते.

वह्या पाद्र्याच्या स्वयंपाकघरात, मेणकापडावर,
कोबीच्या लोणच्याच्या बरणीला टेकून.
फ्राऊ डोब्रेट्सबर्गर म्हणाल्या, बाराला कुलूप.
हातमोजे दिले. भांडी घासायचे, पिवळे.

जुनं जर्मन वळण म्हणजे
वाऱ्याने एकाच अंगाला लवलेलं जवसाचं शेत.
काडीला काडी चिकटलेली.
‘उ’ ओळखायचा तो डोक्यावरच्या कोरीवरून,
आणि कोर द्यायला लिहिणारा विसरला
की आडनावाची अमावास्या.
लिहिणाऱ्याचं नाव आंब्रोस कीनेसबर्गर.
नातेवाइकांहून मी आता त्यालाच जास्त ओळखते.
सकाळच्या त्याच्या ओळी ताठ,
संध्याकाळच्या उतरणीला लागलेल्या.

सन १८४७, ९ फेब्रुवारी. घर क्रमांक चौदा,
विणकराची मुलगी, क्रेसेन्त्सिया.
माझ्या पणजीची आई.
आमच्या घरच्या कागदावरही हीच तारीख, शिक्क्यासकट.
नावाशेजारी एक ठिपका.
टाकाचा शिंतोडा असेल, म्हटलं.

भिंग जवळ नेलं.
ठिपक्याला हात होते.

मृत्यूची वही वेगळी, जास्त जाड.
क्रेसेन्त्सिया, वय दिवस अकरा.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
राइझन.
म्हणजे प्रवास.

बराच वेळ तशीच बसले.
अकरा दिवसांचं मूल जाऊन जाऊन कुठे जाणार?
कुशीतून पाळण्यात, पाळण्यातून चर्चमध्ये,
कपाळावर गार पाणी घेऊन बर्फातून परत.
एवढ्याने दमतं का कुणी?
की आंब्रोसला त्या संध्याकाळी
खरं लिहवेना?
सांगायला लाज वाटते,
पण मला तो शब्द आवडला होता.

“वही पुरती उघडा,” मागून आवाज आला.
फ्राऊ डोब्रेट्सबर्गर, हातात बटाटे सोलायची सुरी.
“कणा मोडायचा तो केव्हाच मोडलाय.”
पान शिवणीपर्यंत ताणलं
आणि दोऱ्याखालून
अर्धा फ बाहेर आला.

फ्राइझन.
आकडी.
तान्ह्या पोरांना यायची, आमच्याकडे हेच म्हणत, त्या म्हणाल्या
आणि बटाट्याकडे वळल्या.

मग मी कुणाची?

पानं उलटत राहिले. पुढल्या वर्षी, १७ नोव्हेंबर,
घर चौदा, तोच विणकर, तीच आई,
क्रेसेन्त्सिया.
धुऊन ठेवलेलं झबलं पुन्हा काढावं
तसं तेच नाव.
हिच्याशेजारी काही नाही. ही लग्न करून
नदीपलीकडे गेली, म्हातारी झाली.
हिचं नाक असणार माझ्या भावाला.

१९३८ मध्ये घरोघर रक्ताचे पुरावे मागत होते.
तेव्हा आजीचा भाऊ याच टेबलाशी बसला असेल,
घाईत, घाबरलेला.
पहिली दिसली ती क्रेसेन्त्सिया उतरवून घेतली.
कचेरीने शिक्का मारला.
आमच्या अख्ख्या घराला जामीन राहिली
अकरा दिवसांची मेलेली मुलगी.
हे आईला कळायला हवं होतं. तिला गंमत वाटली असती,
किंवा नसती.

बाराला चार मिनिटं.
माझ्या वहीत मी ९ फेब्रुवारी खोडली नाही.
खाली दुसरी तारीख लिहिली, मध्ये एक ओळ सोडून.
पहिलीपुढे कारण लिहिताना
टपालातल्या सवयीने
फ मोठा काढला,
लांबून वाचता येईल एवढा.
बटाटे उकळायला लागले होते.