दरडोई

शिराकच्या पठारावर मार्चातही बर्फ हटत नाही.
बुटांना फडकी गुंडाळून सतरावं घर गाठलं,
बगलेत फॉर्म, पेन कोटाच्या आत, छातीशी,
बाहेर शाई गोठते.

वार्सेनिकनं शेगडीत एक गोवरी सारली,
स्टूल पुढे केलं. म्हणाली, विचार.

प्रश्न एकोणीस: गेल्या बारा महिन्यांत
दवापाण्यावर स्वतःच्या खिशातून किती?

"खिसा?" तिनं झग्यावरून हात फिरवला.
मग सांगत सुटली, भराभर, काही राहून जाईल म्हणून:
हमाझास्पच्या काळजात दोन जाळ्या,
त्या जाळ्यांपायी तांबडी गाय, गाभण.
ग्युम्रीपर्यंत टॅक्सी, दुपारनंतर बस नसते.
सर्जनच्या पांढऱ्या कोटात पाकीट.
नर्सच्या कोटात त्याहून पातळ पाकीट.
भूल देणाऱ्याला जर्दाळूची दारू, दोन बाटल्या.
"ती घरचीच. तिचे पैसे कसे धरायचे?"
बाजारभावानं, मी म्हटलं.
"आणि वासराचे? ते तर जन्मलंही नव्हतं."

मी 'इतर'मध्ये काहीतरी खरडलं.

तिचा भाचा नुबार फ्रेस्नोला असतो.
मुतखड्याचं बिल तो अजून हप्त्यानं फेडतोय.
"त्याचा खडा माझ्या घराहून महाग," ती म्हणाली,
आणि आवाजात थोडा अभिमानही होता.
धाकटी बहीण नॉर्वेत. बर्फावर पडली, मनगट मोडलं.
विचारलं, किती गेले? तर म्हणे,
पार्किंगचे.

येरेवानच्या ऑफिसात तक्ता आहे भिंतीवर,
देशोदेशीच्या काड्या, उभ्या, रंगीत.
आमच्या काडीपाशी साहेब नेहमी वाकतात.
गाय त्या काडीत कुठे उभी असेल
मी कधी विचारलं नाही.

भागिले तीन.
हमाझास्प, वार्सेनिक,
आणि क्रास्नोदारला गवंडीकाम करणारा वाहान,
जो या घरात जेवत नाही
पण भागाकाराला बसतो.

"आता तुझं सांग," मी म्हटलं. "तुझ्या एकटीचं."
"माझं काय?"
डावा डोळा सायीसारखा झाला होता.
"काही नाही. अंगावर काढलं."

त्याला रकाना नाही.
मी शून्य लिहिलं.
बहिणीच्या घरीही कुणी फॉर्म घेऊन गेलं असेल,
तिथंही असाच गोल काढला असेल,
एवढाच, याच मापाचा.

निघताना तिनं कागद मागितला,
उजव्या डोळ्याला टेकेल इतका जवळ नेला,
आपलं नाव शोधलं, बोट ठेवलं.
"इथं पुढचं पुसट दिसतंय गं,
जरा ठळक कर."

शाई पुन्हा घट्ट झाली होती.
पेनवर दोनदा फुंकलं,
आणि तेच शून्य
तिच्यादेखत गिरवलं.