पहिला हात

डाकराम पेंटरनं पत्र्याला पिवळा हात मारला
आणि ब्रश कानावर अडकवून म्हणाला,
"बोला बाई, नाव काय टाकू?"
जसं काही नाव माझ्या पदराला बांधलेलं होतं,
गाठ सोडून द्यायचं फक्त.

तीन वर्षं झाली, धानगिरणीच्या बाजूच्या खोलीत
मी लोकांचे पैसे काढून देते.
एक टेबल, एक यंत्र, एक वही,
वीज गेली की पुठ्ठ्याचा पंखा.
निराधारचे पंधराशे, धानाचा बोनस,
हैदराबादेहून पोरानं टाकलेले दोन हजार.
पाटीवाचून कोणाचं अडलं नव्हतं.
आता बँकेचा माणूस म्हणतो, पाटी पाहिजे,
पाटीचा फोटो पाहिजे, लोगो पाहिजे.

लोगो म्हणजे चिन्ह, मी डाकरामला सांगितलं.
"निवडनुकीत असते तसं?"
तसंच, पण पाच वर्षांनी बदलत नाही.

भाऊजी म्हणाले, महालक्ष्मी घाल, धंदा पैशाचा आहे.
डाकराम म्हणाला, काढतो, पण आधीच सांगतो,
माझी लक्ष्मी नाटकातल्या हिरोइनीसारखी होते,
भुवया वर, कंबर कलती.
वर्षभर तो पडदेच रंगवतो, जंगल, तुरुंग, राजवाडा.
हा पिवळाही राजवाड्याच्या खांबांतून उरलेला.

पुतण्या हर्षल म्हणाला, काकू, छोटं ठेव, 'फिनझो',
आणि वर जाणारा बाण.
कोणाचं काय वर जातं रे, मी विचारलं.
तो मोबाईलमध्ये शोधू लागला.

'विश्वास' नको.
त्या नावाची एक कंपनी जीपमधून आली होती, दुप्पट देणारी.
तिच्या पावत्या अजून बायकांच्या पेट्यांत आहेत,
लुगड्यांच्या घडीत, डांबरगोळ्यांसोबत.
'समृद्धी' नको, 'सुवर्ण' नको, 'आधार' तर सरकारनंच घेतला.
जेवढे चांगले शब्द होते
तेवढे कोणीतरी वापरून पळालंय.

मग सुचलं, आणि माझं मलाच आवडलं:
अंगठ्याचा ठसा.
डाकरामनं खडूनं काढलासुद्धा,
रेघेला रेघ लागून,
टेकडीवरून दिसणाऱ्या बांध्यांसारखा.

तेवढ्यात फुलवंताबाई आली पेन्शनला.
पाटीसमोर थांबली. "हा कोनाचा?"
सगळ्यांचा, मी म्हटलं.
"माहा नाही."
आणि हात पुढे केला.
पन्नास रोवण्यांत झिजलेला तिचा अंगठा,
यंत्र सातदा नाही म्हणतं,
आठव्यांदा मी ओल्या फडक्यानं पुसून घेते, तेव्हा कुठं.
"कंदिलाखाली बसून सही शिकली मी,
आंगठेबहाद्दर म्हनू नये कोनी म्हनून.
अन् तू तोच दारावर टांगतेस?"
इथं सही चालत नाही,
हे तिला माहीत आहे, मलाही.

डाकरामनं काही न बोलता खडू पुसला.
पिवळ्यावर पांढरट ढग राहिला.

आठव्यांदा यंत्र हो म्हणालं.
मी नोटा दिल्या आणि रोजचं बोलले,
दिवसातून चाळीसदा बोलते ते,
"मोजून घ्या."
तिनं मोजल्या, थुंकी लावून.
मग माझ्याकडून मोजवल्या. मग परत तिनं.
तिन्ही वेळा पंधराशे.
डाकराम पाहत होता.
"हेच टाकू का?" तो म्हणाला.

टाकलं.
लाल अक्षरांत, नाटकाच्या जाहिरातीसारखं तिरपं:
मोजून घ्या
खाली बारीक, प्रो. प्रणोती नाकाडे.
"दुसरा हात दिवाळीनंतर मारतो," म्हणाला,
"आता मंडईचे पडदे आहेत."

बँकेचा माणूस सोमवारी आला.
म्हणाला, हे नाव नाही हो, ही सूचना आहे.
फॉर्मात त्यानं काय भरलं कोण जाणे.
आणि लोगो?
मी ढगाकडे बोट दाखवलं.
तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला,
मोबाईल आडवा धरला,
मग उभा,
मग परत आडवा.