तीस अंडी

चरईच्या कोपऱ्यावरच्या मुश्ताकला
आमच्यातल्या बातम्या कॅलेंडरच्या आधी कळायच्या.
सासूबाईंनी सहा अंडी मागितली तर तो नुसता भाव सांगायचा,
बारा मागितली तर विचारायचा, पाहुणे कुठले, लोद की अश्दोद?
आणि पूर्ण ट्रे मागितला
की हातातलं फडकं खाली ठेवून म्हणायचा,
कोण गेलं?

दफन करून परतलेल्या माणसाच्या पोटात
पहिलं जायचं ते उकडलेलं अंडं, ही आमची रीत.
अंड्याला तोंड नसतं, तसंच दुःखालाही नसतं,
असं मशिदीतले जाणते लोक सांगतात
(आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणत आलोय).
मलकाबाई झिराडकर म्हणायच्या,
अगं, रडून आलेल्याला चावायला सोपं काहीतरी नको का?

दाराआड एक खाकी पिशवी असायची:
कात्री, पांढरं रीळ, साबण, कापूस, चश्म्याची जुनी काच.
रात्री दोनला फोन आला की त्या पिशवी घेऊन
रिक्षात, कळवा, कोपरखैरणे, कुठेही.
ज्या बाईला जिवंतपणी कधी भेटल्या नव्हत्या
तिचे केस विंचरून यायच्या
आणि सकाळी माझ्या मुलीची वेणी घालताना
हात तेच, पाणी वेगळं.

कफनाच्या दोऱ्याला गाठ मारायची नाही.
गाठ कशाला? कुणाला काही बांधून न्यायचंय का तिकडे?
हे मला शिकवत होत्या सतरा वर्षं.
मी शिकत नव्हते सतरा वर्षं.

देवाशी मात्र त्यांचं जरा घासाघाशीचंच चालायचं.
दार फाळणीच्या सणाला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, साखर तीनशेवर,
डॉक्टर वैद्य हात जोडून म्हणाले, आजी, दोन घास.
तर म्हणे, वर्षातला एक दिवस त्याचं ऐकते,
बाकीचे तीनशे चौसष्ट तुमचंच ऐकते ना?
हेही खोटंच. मलिद्यातला गूळ
त्या पदराआड खायच्या, एलियाहू नबीच्या साक्षीने.

शुक्रवारी तेलाचा दिवा,
भिजवलेल्या मनुकांचं सरबत,
आणि दिमोनाला गेलेल्या धाकट्याचा रिकामा ग्लास.
तो कधी उचलला नाही, कधी भरलाही नाही.
फक्त दर शुक्रवारी घासून उपडा ठेवला.

मंगळवारी पहाटे गेल्या.
पिशवी तिथेच होती.
मी कापड फाडलं, सुई ओवली,
सवयीने गाठ मारली.
उसवली.
पुन्हा मारली.
शेवटी माझ्या मुलीने माझा हात धरला, बारा वर्षांची आहे ती,
म्हणाली, आई, आजी असं नाही करायची.

माणसं दफनभूमीतून परतायची होती.
पातेल्यात पाणी चढवलं तेव्हा लक्षात आलं,
आज अंडी आणायला कुणी गेलंच नाही.

मुश्ताकच्या दुकानात मी म्हटलं, एक ट्रे.
त्याने फडकं ठेवलं.
कोण गेलं? म्हणाला, आणि ट्रेकडे वळत,
बाई का नाही आल्या? ऊन झालंय म्हणून?

मला उत्तर देता आलं नाही.
मी नुसती पिशवी उघडून धरली.

मग तो सावकाश एकेक अंडं उचलून
पिवळ्या बल्बसमोर फिरवू लागला,
सासूबाई उभं राहून करायला लावायच्या तसं,
रक्ताचा ठिपका नको म्हणून.
आधी दर वेळी कुरकुरायचा,
बाई, सात-आठ तरी विश्वासाने घ्या.
आज तिसांतली तीस.
दोन बाजूला काढली, दोन नवी घेतली, तीही धरली उजेडात.
मागे कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं.
त्याने वर पाहिलं नाही.

घरी आले तर पाणी आटून पातेलं करपलं होतं.
घासलं. पुन्हा पाणी चढवलं.