छाट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
जिथं आधी टॉवेल विणायचे त्या शेडमध्ये
आता घडीचे चाकू होतात.
पत्र्याखालच्या कैच्यांवर अजून कापसाची पिंज लटकते,
पंखा जोरात लावला की एखादा पुंजका
माझ्या ट्रेमध्ये उतरतो.
फुंकर मारते. पुढचा चाकू.

उघड. ऐक. मीट.
पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधून जायला हवं,
माजघरात दोन दीर समोरासमोर बसलेत
आणि नवी सून पदर सावरून मधून निघून गेली,
कुणाला घासली नाही, तसं.
खिटी बसली की एकच आवाज, खट्.
खट् नंतर अजून काही वाजलं तर
तो चाकू डाव्या हाताला.

दिवसाला सहाशे.
एप्रिलमध्ये स्क्रूसुद्धा चटका देतात.
अंगठ्याची कातडी आधी जाड झाली, मग शहाणी.
इरण्णा पाणी देताना घाई करतो
ते मला टोकाच्या निळ्या डागावरून कळतं;
सोमवारी डाग जास्त.

माझी आई नरसव्वा विडी वळायची.
केंद्रावर रांग, मांडीवर सूप,
चेकर कट्टा हातात घ्यायचा, दोन बोटांनी दाबायचा,
आणि तोंडाकडं न बघता म्हणायचा, छाट.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
आई मराठीत विनवायची,
घरी येताना विडी घरकुलच्या वळणावर
तेलुगूत शिव्या द्यायची.
मी दप्तर घेऊन मागं. दोन्ही भाषा तिथंच शिकले.

गेल्या महिन्यात पुण्याचा माल, बाराशे नग.
दुपारपर्यंत माझ्या डाव्या हाताला त्र्याहत्तर.
पातं उजवीकडं कललेलं, सगळ्यांचं सारखंच,
केसाएवढं.
देवसानी साहेब आले.
"पेरू कापायचाय त्यांना, पोटाचं ऑपरेशन नाही.
सोड."
मी सोडले नाहीत. बोललेही नाही काही.
बोलायला शब्द नव्हते, त्र्याहत्तर चाकू होते.

मग महिबूब आला. फिटिंग त्याचं, नगावर मजुरी.
टेबलाच्या त्या बाजूला उभा राहिला,
हात पुसत, पुसलेलेच हात परत पुसत.
आणि मला त्याच्या उभं राहण्यात
सूप दिसलं.

त्याच्या तोंडाकडं बघितलं मी.
एवढंच करता आलं आधी.
मग स्क्रू ड्रायव्हर घेतला, एक चाकू खोलला,
वॉशर काढून नखावर ठेवला, शेजारी जुन्या लॉटचा.
नवा पातळ. कांद्याच्या आतल्या सालीसारखा.
"तुझा हात नाही," म्हटलं, "हे आहे."
रजिस्टरात कारणाच्या रकान्यात
'फिटर' लिहायची सवय होती सगळ्यांना.
मी 'वॉशर' लिहिलं. दाबून लिहिलं,
मागच्या पानावर उमटलं.

माल चार दिवस उशिरा गेला.
साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले,
तसे ते आधीही कामापुरतंच बोलायचे.
महिबूबचे त्र्याहत्तरांपैकी साठ नगांचे पैसे निघाले,
तेरांचे का नाही, ते अजून कळलं नाही.

छाट चाकू कामगारांना तीस रुपयांना मिळतो.
एक आणला. आई आता वळत नाही,
बोटं वाकडी झालीत, पण हात रिकामा ठेवता येत नाही तिला.
भाकरीबरोबर कांदा चिरला,
पातं पुसलं, मिटलं,
परत उघडलं. परत मिटलं.
डोळ्यांत मोतीबिंदू, तरी मान वाकडी करून म्हणाली,
"छाट आहे ना हा?"

हो म्हटलं.

"मग चांगला कसा वाजतो?
वाजवून दाखव."

फडताळ उघडलं. मिटलं.
चांगला आमच्या घरात नव्हता.